मैदान कोणाच्या नावावर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



२७ ऑगस्ट २०१९ च्या रात्री मँचेस्टरजवळच्या बरी या जुन्या गिरणगावातील फुटबॉल क्लबची इंग्लिश फुटबॉल लीगमधून हकालपट्टी झाली. क्लबची स्थापना १८८५ सालची, लीगचे सभासदत्व १८९४ पासूनचे. म्हणजे सव्वाशे वर्षांचा संबंध एका रात्रीत तुटला. हा क्लब कधीकाळचा नामांकित. देशातील सर्वांत जुनी स्पर्धा, एफ. ए. कप, त्याने १९०० आणि १९०३ अशी दोनदा जिंकलेली. दुसऱ्या खेपेस अंतिम सामन्यात प्रतिस्पर्ध्यावर सहा गोल चढवून. हकालपट्टी झाली ती मैदानावरील पराभवामुळे झाली असती तर येथे तिचा उल्लेख करण्याचे कारण नव्हते. वस्तुस्थिती उलट होती. त्याच वर्षीच्या एप्रिलअखेर या संघाने आपल्या श्रेणीत वरचा क्रमांक मिळवून बढती संपादन केली होती, आणि तीही खेळाडूंचे पगार थकलेले असताना. कामगारांनी माल वेळेवर तयार करून दिला, उत्पादनही उत्तम झाले आणि कारखान्याला मात्र टाळे लागले, असाच तो प्रकार होता.

हे कसे घडले ते समजण्यासाठी तिकडची रचना थोडी ध्यानात घ्यावी लागेल. आपल्याकडे आयपीएलमध्ये तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा तेथेच खेळतो, त्याची जागा पैसे मोजून विकत घेतलेली असते. इंग्लंडमध्ये तसे नाही. तेथे वरच्या चार श्रेणींत ९२ क्लब आहेत, पहिल्या श्रेणीत २० आणि उरलेल्या तिन्हींत प्रत्येकी २४. दरवर्षी खालच्या श्रेणीतील पहिले काही संघ वर चढतात, वरच्या श्रेणीतील तळाचे खाली येतात. चार श्रेणींच्या खालीही हीच शिडी पार गावकुसाबाहेरच्या मैदानापर्यंत उतरत जाते. तत्त्वतः एखाद्या खेड्याचा संघ देशात अव्वल ठरू शकतो. लोकशाही वृत्तीच्या माणसाला आवडावी अशी ही व्यवस्था आहे. किंबहुना युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी २०२१ च्या एप्रिलमध्ये ही शिडी आपल्यापुरती काढून घेऊन स्वतंत्र लीग उभारण्याचा डाव मांडला तेव्हा इंग्लंडमधील सामान्य प्रेक्षक रस्त्यावर उतरला आणि दोन-तीन दिवसांत तो डाव उधळला गेला.

परंतु शिडीच्या दोन पायऱ्यांमधील अंतर कोणी आणि किती वाढविले, हा प्रश्न वेगळा आहे. १८८८ साली बारा क्लबांनी लीग स्थापन केली तेव्हा हे क्लब गिरण्यांच्या, रेल्वेच्या, गोद्यांच्या, देवळांच्या आवारातून नुकतेच बाहेर पडलेले होते. मँचेस्टर युनायटेड हा मूळचा रेल्वे कामगारांचा संघ, वेस्ट हॅम जहाजबांधणी कारखान्याचा, आर्सेनल तर नावाप्रमाणेच शस्त्रास्त्र कारखान्यातील कामगारांचा. कोल्हापुरात पाटाकडील तालीम किंवा दिलबहार तालीम शाहू स्टेडियमवर उतरते तेव्हा पेठेची पेठ मागे उभी राहते. तसेच हे नाते होते. क्लब कायद्याने कंपन्या बनले, त्यांचे संचालक दारूभट्टीवाले आणि खाटीकखान्यांचे मालक असत, पण फुटबॉल संघटनेने त्यांच्यावर काही बंधने घातली होती. भागधारकांना ठरावीक मर्यादेपलीकडे लाभांश देता येत नसे. संचालकांना पगार घेता येत नसे. क्लब गुंडाळला तर देणी भागवून उरलेली मालमत्ता भागधारकांत वाटता येत नसे, ती दुसऱ्या क्रीडासंस्थेकडे किंवा धर्मादाय कार्याकडे जावी असा दंडक होता. म्हणजे मैदान विकून श्रीमंत होण्याची वाटच बंद होती.

त्या काळाचे गोडवे गाण्याची गरज नाही. त्याच संचालकांनी खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा घालून ठेवली होती. १९६१ च्या जानेवारीत खेळाडूंच्या संघटनेने संपाची नोटीस देऊन ती मोडून काढली तेव्हा आठवड्याला २० पौंड हा आकडा होता, आणि समोर प्रेक्षक पन्नास-पन्नास हजार. प्रेक्षकांच्या जिवाची किंमतही कोणी करीत नसे. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्ड सिटी या संघाने तिसरी श्रेणी जिंकल्याचा चषक मैदानावर मिरविला आणि त्याच दुपारी लाकडी प्रेक्षागृहाला आग लागून ५६ माणसे मेली. आसनांखाली वर्षानुवर्षांचा कचरा साठलेला होता, धोक्याची लेखी सूचना आधीच्या वर्षी मिळालेली होती. बढती मिळाल्यामुळे वरच्या श्रेणीच्या नियमांनुसार त्या प्रेक्षागृहाची दुरुस्ती करणे आता भाग पडणार होते. तिच्यासाठीचे पोलाद मैदानामागे येऊन पडलेलेही होते. चार वर्षांनी, १५ एप्रिल १९८९ रोजी, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन अखेरीस ९७ जणांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालानुसार वरच्या श्रेणींतील मैदानांवर उभे राहून पाहण्याच्या जागा काढून सर्वत्र आसने बसविणे सक्तीचे झाले. सुधारणा आवश्यकच होती. तिचा खर्च मात्र तिकिटावर बसला. आसनव्यवस्थेमुळे गरीब प्रेक्षक बाहेर फेकला जाऊ नये अशी टेलर यांचीच अपेक्षा होती. अहवालातील तेवढा भाग मालकांना वाचावासा वाटला नाही.

याच दशकात जुनी बंधने एकेक करून सुटली. १९८३ साली टॉटनहॅम या क्लबने वरती एक धारक कंपनी उभी केली आणि लाभांशाच्या मर्यादेला वळसा घालून ती शेअरबाजारात नेली. त्याच वर्षी पाहुण्या संघाला तिकिटाच्या उत्पन्नातील हिस्सा देण्याची प्रथा बंद झाली. ज्याचे मैदान मोठे त्याचा गल्ला मोठा, असा नवा न्याय सुरू झाला. १९९२ साली पहिल्या श्रेणीचे २२ क्लब लीगमधून फुटून निघाले, कारण दूरचित्रवाणीचा पैसा खालच्या सत्तर क्लबांबरोबर वाटून घेणे त्यांना नको होते. त्या वेळी पाच वर्षांच्या प्रक्षेपणहक्कांची किंमत ३० कोटी पौंडांच्या आसपास होती. २०२५ पासूनच्या चार वर्षांसाठी ती ६७० कोटी आहे, आणि हा केवळ देशांतर्गत प्रक्षेपणाचा हिशेब आहे.

अशा स्थितीत बढतीची महत्त्वाकांक्षा ही खेळातील ईर्ष्या राहत नाही, ती सट्टा बनते. दुसऱ्या श्रेणीतील क्लबांचा एकूण पगारखर्च कित्येक वर्षे त्यांच्या एकूण उत्पन्नापेक्षा अधिक होता. शंभर पौंड मिळवायचे आणि त्याहून जास्त नुसत्या पगारावर उधळायचे, ही रीत कोणत्याही किराणा दुकानदाराला वेडेपणाची वाटेल. पण लॉटरीचे तिकीट घेणारा मनुष्य हिशेब मांडीत नसतो. २०१९ साली डर्बी आणि ॲस्टन व्हिला यांच्यात वेंब्लीवर बढतीचा अंतिम सामना झाला, त्यातील विजयाची किंमत तीन वर्षांत किमान १७ कोटी पौंड असल्याचे हिशेबतपासनिसांनी सांगितले होते. डर्बी हरला. तोट्याची मर्यादा ओलांडली जाऊ नये म्हणून त्याच्या मालकाने आदल्याच वर्षी क्लबचे मैदान क्लबकडून आपल्याच दुसऱ्या कंपनीच्या नावे ८ कोटी पौंडांहून अधिक किमतीला विकत घेतले होते. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेली ही रक्कम क्लबच्या वहीत नफा म्हणून दिसली. २०२१ च्या सप्टेंबरात क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला, २१ गुण कापले गेले, आणि संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला. मैदानाची मालकी आता क्लबच्या मालकीपासून वेगळी असल्याने नवा खरीददार मिळविण्यासही महिनोन्‌महिने लागले.

मैदान हीच क्लबची एकमेव ठोस मालमत्ता असते. खेळाडू उद्या निघून जातो, प्रशिक्षक परवा. मैदान राहते, म्हणून सट्ट्यात तारण ठेवायला तेच सापडते. बरीचे मैदान, गिग लेन, १९२२ साली क्लबला एका सरदाराकडून भेट मिळालेले होते. २०१३ नंतरच्या मालकाने बढतीच्या स्वप्नासाठी ते चढ्या व्याजाच्या कर्जापोटी गहाण टाकले. मैदानाशेजारच्या वाहनतळातील एकेक जागा गुंतवणूकदारांना विकण्याची योजनाही निघाली. २०१८ च्या डिसेंबरात क्लब एक पौंडाला विकला गेला. नव्या मालकाला देणी भागविण्याची ऐपत सिद्ध करता आली नाही. शेवटच्या आठवड्यात गावातील माणसे झाडू आणि बादल्या घेऊन मैदान साफ करण्यास जमली होती, पुढचा सामना होईल या आशेने. सामना झाला नाही.

मैदान गमावण्याचा दुसरा मार्ग म्हणजे ते भलते मोठे बांधणे. उत्तर इंग्लंडमध्ये डार्लिंग्टन हे लाखभर वस्तीचे रेल्वेचे गाव आहे. तेथील क्लब १८८३ सालचा, जवळपास सर्व काळ तळच्या श्रेणीत खेळलेला. फीथॅम्स नावाचे त्याचे मैदान गावाच्या मध्यावर होते. १९९९ साली लाकूडकामाच्या धंद्यात गब्बर झालेल्या जॉर्ज रेनल्ड्स या इसमाने क्लब घेतला, जुने कर्ज फेडले आणि पाच वर्षांत संघ पहिल्या श्रेणीत नेण्याची घोषणा केली. पहिल्या श्रेणीला शोभेल असे मैदान आधी हवे, म्हणून गावाबाहेर २५,००० आसनांचे प्रेक्षागार उभे राहिले. त्यात संगमरवर होता, सरकते जिने होते, आणि दर्शनी भागावर मालकाचे नाव होते. क्लबला प्रेक्षक मिळत ते तीन-चार हजार. २००३ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या सामन्याला कुतूहलापोटी अकरा हजारांवर माणसे आली, संघ हरला, पुढच्या आठवड्यापासून गर्दी ओसरली. डिसेंबरात क्लब प्रशासकाकडे. रेनल्ड्स यांना पुढे २००५ साली करचुकवेगिरीबद्दल तुरुंगवास झाला, तो निराळा अध्याय.

या प्रेक्षागाराचा खर्च कसा चालतो याचा विचार करण्यासारखा आहे. दोन हजार माणसे आली तरी दिवे पंचवीस हजारांचे लावावे लागतात, विमा, साफसफाई, डागडुजी पंचवीस हजारांची करावी लागते. रिकाम्या आसनांचे भाडे भरलेल्या आसनांवरील माणसे देतात. शिवाय फीथॅम्स हातचे गेलेले, तेथे पुढे घरे उभी राहिली; म्हणजे मागे फिरण्याचा रस्ताही नाही. २००९ मध्ये क्लब दुसऱ्यांदा प्रशासकाकडे गेला, २०१२ मध्ये तिसऱ्यांदा. मग त्या प्रेक्षागारात एक रग्बी क्लब खेळू लागला. समर्थकांनी पदरचे पैसे घालून नवा क्लब काढला, त्याला चार श्रेणी खाली टाकण्यात आले, आणि त्याने पहिली चार-साडेचार वर्षे दुसऱ्या गावच्या मैदानावर खेळून काढली. या मंडळींनी तीन बढत्या मिळविल्या. २०१७ साली चौथीच्या पात्रतासामन्यांपर्यंत ते पोहोचलेही होते. पण नव्या छोट्या मैदानावर नियमानुसार लागणारी ५०० आसने नव्हती, म्हणून त्यांना उतरू दिले गेले नाही. पंचवीस हजार आसनांनी बुडालेला क्लब पाचशे आसनांसाठी अडला!

मुंबईतील श्रोत्यांना या कहाणीत अपरिचित असे काही वाटू नये. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे काय झाले? यंत्रे जुनी झाली होती, व्यवस्थापन नालायक होते, हे सगळे खरे. पण गिरणीखालची जमीन गिरणीतील कापडापेक्षा मोलाची ठरली, त्या दिवशी गिरणी बंद राहण्यातच मालकाचे हित निर्माण झाले. १९९१ च्या विकास नियमावलीतील ५८ व्या नियमाने एक-तृतीयांश जमीन शहरासाठी, एक-तृतीयांश घरांसाठी असे काही मागितले होते. २००१ साली त्या नियमाचा अर्थच पालटला गेला. इंग्लंडमधील शहरांच्या मध्यावर असलेली फुटबॉलची मैदाने हीच स्थिती अनुभवत आहेत. जोवर मैदानाची किंमत केवळ खेळाच्या उत्पन्नावरून ठरते तोवर क्लबवर कोणाचा डोळा नसतो. ती घरबांधणीच्या दराने ठरू लागली की क्लब हा जमिनीवरील अडथळा होतो.

मग उपाय कोणता? सहकार, असे उत्तर समाजवाद्याच्या ओठावर चटकन येते, आणि ते येणे योग्यही आहे. बरीच्या शेजारचेच गाव रॉचडेल. १८४४ साली तेथील विणकर आणि कारागिरांनी, २८ जणांनी, सहकारी दुकान काढले. एक माणूस, एक मत हा त्यांचा नियम. प्रवरानगरला १९५० साली निघालेल्या सहकारी साखर कारखान्यापर्यंत तो नियम पोहोचला, आणि त्याच नियमाखाली पुढे किती कारखाने आजारी पाडून लिलावात खासगी हातांत गेले हेही महाराष्ट्राने पाहिले. तेव्हा सहकार हा शब्द उच्चारला की प्रश्न सुटला असे मानण्याइतके भोळे कोणी येथे नसावे. खुद्द रॉचडेलचा फुटबॉल क्लब समर्थकांनी २०२२ साली आपल्या हाती घेतला होता. २०२४ साली पैशाअभावी तो एका स्थानिक कुटुंबाच्या स्वाधीन करावा लागला.

वेल्समधील रेक्सहॅमची गोष्ट तर अधिक टोचणारी आहे. तेथील मालकाने २००४ मध्ये क्लबला मैदानाबाहेर काढून जमीन विकण्याचा घाट घातला होता. समर्थक न्यायालयात आणि रस्त्यावर लढले, २०११ साली त्यांच्या संघटनेने क्लब ताब्यात घेतला आणि दहा वर्षे कर्जाविना, शिस्तीने चालविला. बढती मात्र मिळेना. २०२० च्या नोव्हेंबरात दोन चित्रपट-अभिनेत्यांनी २० लाख पौंड गुंतविण्याची तयारी दाखविली. संघटनेच्या सभासदांनी मतदान केले: बाजूने १८०९, विरुद्ध २६. त्यानंतर २०२३, २०२४ आणि २०२५ अशा तीन सलग बढत्या मिळवून संघ पाचव्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत पोहोचला, मैदानाची मालकी पुन्हा क्लबशी जोडली गेली, गावात पर्यटक येऊ लागले. ज्या १८०९ जणांनी होकार दिला त्यांना वर्गजाणीव नव्हती म्हणून हिणविणे सोपे आहे. पण दहा वर्षे खिशातले पैसे घालणाऱ्या, मैदानाची रंगरंगोटी करणाऱ्या माणसांनी दिलेला तो निर्णय आहे. शिडीच्या पायऱ्यांमधील अंतर जोवर पैशाने वाढविलेले आहे तोवर प्रामाणिक सहकारी क्लबला दोनच वाटा उरतात, खाली समाधानाने राहणे किंवा वर जाण्यासाठी धनको शोधणे. रेक्सहॅमला चांगले धनको मिळाले. बरीलाही आरंभी तसेच वाटले होते. सभासदांना फरक कळला असता तर तो कळण्याचे साधन कोणते होते, आणि उद्या या मालकांनी क्लब विकला तर त्या १८०९ जणांना पुन्हा मत मिळणार आहे काय?

म्हणून प्रश्न धनको चांगला की वाईट हा नव्हे, मैदान कोणाच्या नावावर आणि ते विकण्यास कोणाची संमती लागते, हा आहे. लंडनच्या विंबल्डन क्लबचे उदाहरण या दृष्टीने महत्त्वाचे. २००२ च्या मे महिन्यात फुटबॉल संघटनेच्या त्रिसदस्य मंडळाने हा क्लब उचलून नव्वदएक किलोमीटरवरील मिल्टन कीन्स या शहरात नेण्यास मालकांना परवानगी दिली. समर्थकांनी जूनमध्ये सार्वजनिक माळरानावर खेळाडूंच्या चाचण्या घेऊन नवा क्लब उभा केला. नवव्या श्रेणीतून सुरुवात करून तो नऊ वर्षांत चौथ्या श्रेणीत पोहोचला. आपल्या जुन्या भागात मैदान बांधण्याचे काम चालू असताना २०१९ च्या अखेरीस मोठी तूट पडली आणि बाहेरचा पैसा घेऊन समर्थकांचे बहुमत सोडण्याचा प्रस्ताव आला. सभासदांनी त्याऐवजी रोखे काढले. रोखे घेणाऱ्याने व्याजाचा दर शून्य ते चार टक्क्यांत स्वतःच ठरवायचा, अशी योजना होती. काही आठवड्यांत ५० लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. एका उद्योजकाचे अल्पांश भागभांडवलही घ्यावे लागले, हे लपविण्याचे कारण नाही; पण बहुमत समर्थकांच्या संस्थेकडेच राहिले. २०२० च्या नोव्हेंबरात प्लाऊ लेनवर सामना झाला. हे मैदान नऊ हजारांचे आहे, पंचवीस हजारांचे नव्हे. रिकामी आसने पोसण्याची पाळी त्याने कोणावर आणलेली नाही.

जर्मनीत हा विचार नियमात उतरलेला आहे. १९९८ साली तेथे क्लबांना कंपन्या काढण्याची मुभा मिळाली ती एका अटीवर, की मतांचे बहुमत सभासदांच्या मूळ मंडळाकडे राहिले पाहिजे. या अटीला पळवाटा आहेत. लायपझिगमधील क्लबने सभासदत्वच इतके दुर्मिळ ठेवले की नियमाचा सांगाडा तेवढा उरला. परंतु त्याच देशात पूर्व बर्लिनमधील युनियन या क्लबचे जीर्ण मैदान २००८-०९ मध्ये दोन हजारांवर समर्थकांनी सुमारे १,४०,००० तासांचे श्रमदान करून पुन्हा बांधले. गवंड्यांच्या हाताखाली कारकून, निवृत्त माणसे, विद्यार्थी होते. श्रमदान हा शब्द राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांत वाढलेल्यांना समजावून सांगावा लागणार नाही. बावीस हजारांच्या त्या मैदानात आजही आसने जेमतेम साडेतीन हजार, बाकी सारे उभे राहून पाहतात, आणि संघ २०१९ साली पहिल्या श्रेणीत चढला. हँबर्गच्या बंदर भागातील सेंट पाउली क्लबने २०२४ साली सहकारी संस्था स्थापून आपले मैदान तिच्या नावे करण्याचे ठरविले. एक भाग ७५० युरोंचा, प्रवेशशुल्क वेगळे, आणि भाग कितीही घेतले तरी मत एकच. वीस हजारांहून अधिक माणसांनी अडीच कोटी युरोंहून अधिक भांडवल दिले, आणि मैदानाचा बहुसंख्य हिस्सा संस्थेकडे आला. ७५० युरो ही रक्कम गोदी कामगाराला हलकी नाही, हे खरे. रॉचडेलच्या विणकरांनी आपापला एक पौंडही आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकून जमविला होता.

ब्रिटिश संसदेने २०२५ च्या जुलैमध्ये फुटबॉलवर स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा केला. मैदान विकताना किंवा क्लब दुसरीकडे नेताना आता नियामकाची मान्यता लागेल, क्लबच्या नावाला आणि रंगांनाही संरक्षण मिळेल. प्रक्षेपणाच्या पैशाची वाटणी वरच्या आणि खालच्या श्रेणींत तडजोडीने झाली नाही तर नियामकाला त्यात शिरता येईल. कायद्याची खरी परीक्षा याच कलमावर होणार आहे, कारण १९९२ साली तुटलेला धागा तो आहे. लाभांशाला मर्यादा आणि क्लब गुंडाळल्यावर मैदान खेळाकडेच जावे, या शंभर वर्षांपूर्वीच्या दोन नियमांची त्याला आठवण झालेली नाही.

बरीच्या समर्थकांनी २०२२ साली सरकारी आणि नगरपालिकेच्या साहाय्याने गिग लेन विकत घेतले. मधल्या काळात समर्थकांचे दोन गट पडले होते, एकाने नवा संघ काढला होता आणि दुसऱ्याकडे मैदान होते. २०२३ मध्ये मतदान होऊन ते एकत्र आले आणि बरी या जुन्याच नावाने संघ मैदानावर उतरला. श्रेणी नववी होती.